धागा: पवनचक्कीच्या खांबाखाली तळाचं काय होतं? (समुद्रातली ऊर्जा-बांधकामं आणि तळजीव)

तळठाव (धागाकर्ती)

केंद्राने जून २०२४ मध्ये समुद्रातल्या पवन ऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यात गुजरात आणि तमिळनाडूसमोर ५००-५०० मेगावॅट आहेत. तेव्हापासून मासे, पक्षी, डॉल्फिन यांवर बरंच बोललं जातंय. तळाच्या वाळूचिखलात राहणारे कृमी, शिंपले, खेकडे, तारामासे यांचा विषय निघाला की मात्र दोनच वाक्यं कानावर येतात: 'सगळं मरतं' किंवा 'आयता प्रवाळखडक तयार होतो'. दोन्ही अर्धवट आहेत. परिणाम होतो, पण तो खांबापासून किती मीटरवर बघताय यावर ठरतो. अंतर न सांगता केलेलं कुठलंही विधान मी तरी बाजूला ठेवते.

उदाहरण बेल्जियमचं घेते. तिथे एकाच छोट्या पट्ट्यात तीन तऱ्हेचे पाये आहेत आणि पहिल्या खांबापासून मोजमाप चालू आहे. २००८ साली थॉर्नटन बँकेवर (बँक म्हणजे समुद्रातला वाळूचा उंचवटा) काँक्रीटचे सहा पोकळ वजनी पाये (स्वतःच्या वजनावर तळावर उभे राहणारे) बसवले, मग ब्लाय बँकेवर बेलविंड या पवनक्षेत्राचे ५५ मोनोपाइल (तळात ठोकलेला एकच जाड पोलादी नळ) आले, त्यानंतर पुन्हा थॉर्नटनवर ४८ जॅकेट (नळ्यांचा पोलादी सांगाडा). २०२० अखेर त्या भागात ३९९ पवनचक्क्या आणि २,२६२ मेगावॅट झाले.

मूळचा तळ म्हणजे मध्यम-जाड, सतत सरकणारी वाळू. त्यात जीव कमीच, आणि जे आहेत ते सरकत्या वाळूला सरावलेले: नेफ्टिस सिरोसा हा शिकारी कृमी, आणि वाळूत झटकन बुडी मारणारे बॅथिपोरिया नावाचे अॅम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक प्राणी). एका वजनी पायाजवळ २०० मीटरपासून १५ मीटरपर्यंत नमुने काढले तेव्हा वाळूकणांचा मध्यक ४२७ मायक्रॉनवरून ३१२ वर आलेला दिसला. सेंद्रिय अंश १०० मीटरवर ०.४ टक्के होता, १५ मीटरवर २.५ टक्के. चौरस मीटरमागे जीव सुमारे १,४०० वरून १८,५०० च्या घरात, आणि एका नमुन्यातल्या जाती साधारण १० वरून ३०.

कारण वरून पडणारा माल. खांबावरचे शिंपले आणि अॅम्फिपॉड पाण्यातलं प्लवक गाळून खातात. त्यांची विष्ठा आणि न खाल्लेला, चिकट गोळ्या करून टाकलेला गाळ खाली येतो. खांबाच्या आडोशाला प्रवाह मंद होतो, तिथे तो बसतो. मग लॅनिस काँकिलेगा हा नळी बांधणारा कृमी येतो. वाळूचे कण चिकटवून तो नळ्या उभ्या करतो, त्या नळ्यांमध्ये आणखी बारीक गाळ अडकतो, आणि चक्र चालू राहतं.

पुढे कोणाकडे पायाच्या प्रकारांबद्दल किंवा नमुने घेण्याबद्दल माहिती असेल तर लिहा.

---

जॅकेटवाला

पायाचा प्रकार हा इथे कळीचा मुद्दा. पुढच्या वर्षांत बेल्जियममध्ये ३७.५ मीटर आणि ३५० मीटरच्या पुढे अशी जोडी लावून तुलना झाली. जॅकेटजवळच्या नमुन्यांत वाळू बारीक, सेंद्रिय अंश जास्त आणि जीवही जास्त, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं. बेलविंडच्या मोनोपाइलजवळ तोच प्रकार फिका होता.

जॅकेट म्हणजे चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या तिरप्या नळ्या. पाणी आरपार जातं, शिंपल्यांना बसायला पृष्ठभाग भरपूर मिळतो, आणि खाली शक्यतो दगड टाकत नाहीत, त्यामुळे पडलेला माल थेट वाळूवर जातो. मोनोपाइलभोवती वाळू खणली जाऊ नये म्हणून दगडी थर लागतो: आधी खडीचा गाळणी थर, त्यावर मोठ्या दगडांचा चिलखती थर. पडलेला माल त्या दगडांच्या फटींतच राहतो. शिवाय ब्लाय बँक किनाऱ्यापासून जास्त लांब आहे, प्रवाहाला जास्त उघडी. त्यामुळे फरक पायाच्या प्रकाराचा किती आणि जागेचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. 'मोनोपाइल सौम्य असतो' असा सरसकट निष्कर्ष मी काढणार नाही.

आता हे 'वरून पडणं' किती असतं ते अभियंत्याच्या बाजूने बघा. उत्तर समुद्राच्या मध्य भागासाठी नॉर्वेच्या मानकात पृष्ठभागापासून ४० मीटर खोलीपर्यंत १०० मिमी जाडीची वाढ धरतात, त्याखाली ५० मिमी. घनता साधारण १,३२५ किलो प्रति घनमीटर. १ मीटर व्यासाची नळी घेतली तर १०० मिमी वाढीचं दर मीटर लांबीला आकारमान ०.३५ घनमीटर, म्हणजे जवळपास ४६० किलो. व्यास १.२ मीटर झाला. गुळगुळीत नळीचा ड्रॅग गुणांक (पाण्याचा ओढा मोजणारा आकडा) ०.६५ धरतात, खडबडीत झाल्यावर १.०५. दोन्ही गुणा, लाटेचा ओढा जवळजवळ दुप्पट.

म्हणूनच वेल्ड तपासायच्या आधी किंवा वाढ मर्यादेबाहेर गेली की उच्च दाबाच्या पाण्याने ती काढतात. इथे जीवशास्त्रवाल्यांचं बऱ्याचदा दुर्लक्ष होतं. वर्षभर थोडं थोडं पडणारं काही टन काही दिवसांत एकदम खाली जातं. त्यात जिवंत शिंपले असतात, ते सडतात आणि गाळातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. नमुना घ्यायच्या आधी त्या खांबाची सफाई कधी झाली हे देखभालीच्या नोंदींतून विचारून घ्या. ती तारीख नसेल तर तुमचा 'खांबाचा परिणाम' खरं तर सफाईचा परिणाम असू शकतो.

---

शंखिणी

खांबावर कोण कुठे बसतं ते थोडक्यात, कारण खाली काय पडणार ते त्यावर ठरतं.

उत्तर समुद्रात लाटा उडतात त्या पट्ट्यात हिरवं शेवाळ आणि टेल्माटोजेटन नावाच्या माशीच्या अळ्या. भरती-ओहोटीच्या रेषेत बार्नॅकल (घट्ट चिकटून राहणारे कवचधारी प्राणी). त्याखाली काही मीटर निळ्या शिंपल्यांचा जाड पट्टा. त्याखाली जासा हर्डमानी या अॅम्फिपॉडच्या नळ्यांची मऊ, राखाडी चटई, आणि आणखी खाली मेट्रिडियम सेनाइल हे पांढरं-केशरी समुद्रफूल. शिंपल्यांच्या पट्ट्यात तारामासे चरतात.

कालक्रमही ठरलेला. बेल्जियमच्या दहा वर्षांच्या नोंदींत पहिली दोन वर्षं मिळेल तो बसतो. तिसऱ्या ते पाचव्या वर्षात जाती सर्वांत जास्त. सहाव्या वर्षानंतर शिंपले आणि मेट्रिडियम यांचंच राज्य, आणि जातींची संख्या उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा आकडा घेऊन 'जैवविविधता वाढली' असा अहवाल देणारे ही उतरण दाखवतच नाहीत. पर्यावरण अहवाल वाचताना बांधकामानंतर कितवं वर्ष ते आधी बघावं.

जर्मन उपसागरातल्या फिनो-१ या संशोधन मंचावर सरासरी ४,३०० किलो जीवभार मोजला गेला. हा एका जॅकेटचा आकडा.

---

हर्णै_बंदर

बेल्जियमच्या पट्ट्यात मासेमारी बंद आहे ना? मग वाळूत जीव वाढले ते खांबामुळे की ट्रॉलर थांबल्यामुळे? ट्रॉलरच्या दोरांनी आणि बोर्डांनी तळ नांगरल्यासारखा होतो. तो थांबला तर कृमी, शिंपले वाढणारच. आमच्याकडे तर डोल (एका जागी बांधलेलं जाळं) आणि ट्रॉल (तळावरून ओढलेलं जाळं) दोन्ही. गुजरातेत खंबातच्या आखाताच्या तोंडाशी पवनचक्क्यांभोवती सुरक्षा पट्टा आखला की आतलं आणि बाहेरचं पाणी आपोआप वेगळं होणार.

---

चिखलमाती

हर्णै_बंदर, नेमकं बोललात. म्हणूनच नियंत्रण ठाणी (तुलनेसाठी नमुने घ्यायच्या जागा) दोन प्रकारची लागतात: एक पट्ट्याच्या आत पण खांबापासून लांब (ट्रॉल नाही, खांब नाही), दुसरी पट्ट्याबाहेर (ट्रॉल आहे, खांब नाही). ३७.५ आणि ३५० मीटर ही दोन्ही ठाणी बंदीच्या आतच आहेत, त्यामुळे त्यांच्यातला फरक ट्रॉलवर ढकलता येत नाही. दूरच्या ठाण्याची बाहेरच्याशी तुलना केली की ट्रॉलबंदीचा भाग सापडतो. त्याला मात्र वर्षं लागतात.

आपल्याकडे अजून एक गोम आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलबंदी. 'आधी'चे नमुने मे महिन्यात आणि 'नंतर'चे ऑक्टोबरात घेतले तर बंदी, पावसाळा आणि खांब या तिन्हींची खिचडी होते. दरवर्षी त्याच महिन्यात घ्या, आणि निदान दोन हंगाम: पावसाळ्याआधी आणि नंतर.

नमुन्यांबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रॅब (तळाचा घास घेणारा लोखंडी जबडा): ०.१ चौ.मी.चा, व्हॅन व्हीन प्रकारचा. आपल्याकडे बऱ्याच होड्यांची विंच ०.०४ लाच पुरते. तो वापरला तर दर ठाण्याला नमुने वाढवा, आणि ०.१ वाल्यांच्या जातीसंख्येशी थेट तुलना करू नका. क्षेत्र वाढलं की जाती वाढतातच. ग्रॅब वाळूत निदान ५ सेंमी आणि चिखलात ७ सेंमी गेलेला हवा, जबडा पूर्ण मिटलेला हवा. नाही तर फेकून पुन्हा टाका.

इथेच सापळा आहे. खांबाजवळ शिंपल्याची टरफलं जबड्यात अडकतात, ग्रॅब उघडा वर येतो, वाळू वाहून जाते. नियमाप्रमाणे तो नमुना बाद. तुम्ही पुन्हा टाकता आणि टरफलं नसलेली जागा लागेपर्यंत टाकत राहता. अशा रीतीने सगळ्यात बदललेले तुकडेच वगळले जातात आणि परिणाम कमी दिसतो. उपाय दोन: बाद नमुन्यांची कारणासह नोंद ठेवा (बाद नमुन्यांचं प्रमाण हीच एक माहिती आहे), आणि टरफलं जास्त असतील तिथे हॅमन ग्रॅब वापरा. त्याचं बादलीसारखं पातं बाजूने फिरून माल ओढतं, त्यामुळे खडीत आणि टरफलांत तो अडकत नाही.

जागा: जीपीएसचा अँटेना ब्रिजवर, ग्रॅब होडीच्या मागच्या ए-फ्रेमवर (तो सोडायची चौकट). मधलं अंतर १५-२० मीटर सहज असतं. ३७.५ मीटरचं ठाणं गाठायचं आणि १५ मीटर चूक ठेवायची, याला काही अर्थ नाही. ए-फ्रेमचा फरक सॉफ्टवेअरमध्ये भरा. प्रवाह जोरात असेल तर तार तिरपी जाते, तेव्हा तारेवर ध्वनी-ट्रान्सपाँडर (ग्रॅबची जागा आवाजाने कळवणारं यंत्र) लावा किंवा भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ साधा. केबलचा मार्ग नकाशावर आधी घ्या, ग्रॅब केबलवर पडला तर पुढची परवानगी विसरा.

चाळणी: युरोपात १ मिमी. आपल्याकडे ०.५ मिमी, कारण उष्ण पाण्यातले कृमी लहान असतात. कॅपिटेला तर १ मिमीतून सुळकन निसटतो, आणि तोच नेमका प्रदूषणाचा साक्षीदार. पाणी हळू सोडा, पाइपचा झोत थेट चाळणीवर मारला तर कृमींचे तुकडे होतात. तुकड्यांत फक्त डोकी मोजायची.

जतन: बाजारातलं फॉर्मेलिन १ भाग, समुद्राचं पाणी ९ भाग. बोरॅक्स घालून आम्लता मारा, नाही तर कोवळ्या शिंपल्यांची टरफलं विरघळतात आणि ओळख पटत नाही. रोझ बेंगॉल (जीव उठून दिसावेत म्हणून रंग) चिमूटभर. बरणी अर्ध्याहून जास्त भरू नका. दोन-तीन दिवसांनी धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

याच ग्रॅबमधून वरच्या थराचा छोटा नमुना कणमापन आणि सेंद्रिय कार्बनसाठी वेगळा काढायला विसरू नका. जीव मोजले आणि वाळू मोजली नाही, तर बदल कशामुळे झाला ते सांगता येत नाही.

आणि शेवटचं: एका खांबाभोवती दहा ग्रॅब म्हणजे दहा खांब नव्हेत. संख्याशास्त्राला एकक 'खांब' हा आहे. एका खांबाजवळ दहा टाकण्यापेक्षा दहा खांबांजवळ एक-एक टाका.

---

खेकडेमास्तर

मुंबई हायचं काय? तिथे १९७६ पासून उत्पादन चालू आहे. पन्नास वर्षांत तळाचं काहीतरी झालंच असेल. आणि केबलच्या चुंबकीय क्षेत्राने खेकडे भ्रमिष्ट होतात म्हणे?

---

तळठाव

मास्तर, केबलचं आधी संपवते. युरोपी खाद्य खेकड्यावर (कॅन्सर पॅग्युरस) प्रयोगशाळेत ५०० आणि १,००० मायक्रोटेस्लाला ताण आणि वागणुकीत बदल दिसले, २५० ला फारसे नाहीत. मीटर-दीड मीटर पुरलेल्या केबलवर तळाशी क्षेत्र सहसा याहून खूपच कमी असतं. केबल उघडी पडली तर गोष्ट वेगळी. म्हणून पुरण्याची खोली टिकते का, ते बघणं जास्त कामाचं.

मुंबई हायला मात्र पवनचक्कीचा हिशोब लावू नका. तेल-वायू प्लॅटफॉर्मखाली दोन गोष्टी पडतात: वरून शिंपले आणि विहिरीतून निघालेला चुरा. चुऱ्याबरोबर ड्रिलिंगचा चिखल येतो. तो पाण्यात कालवलेला की तेलात, यावर सगळं अवलंबून.

नॉर्वेचा धडा स्पष्ट आहे. एकोफिस्क या तेलक्षेत्रात साध्या विविधता निर्देशांकाने परिणाम प्लॅटफॉर्मजवळच संपलेला दिसे. समुद्रजीवशास्त्रज्ञ जॉन ग्रे यांच्या गटाने सगळ्या जातींची एकत्र बहुचलीय तुलना केली तेव्हा तो २-३ किमीपर्यंत निघाला. पुढे तेल-चिखलाच्या इतर क्षेत्रांत ६ ते ९ वर्षांनी २ ते ६ किमीवरच्या ठाण्यांवरही खुणा सापडल्या. १९९३ पासून नॉर्वेने तेल-चिखलाचा चुरा समुद्रात टाकणं बंद केलं. पवनचक्कीचा परिणाम मीटरांत मोजायचा, तेल-चिखलाचा किलोमीटरांत: हा फरक धरून चालावं.

चुऱ्याच्या ढिगाऱ्यात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपुरताच जातो, खाली काळा, गंधकाचा वास मारणारा थर. तिथे कॅपिटेला हजारोंनी, बाकी शुकशुकाट. माग काढायचा तर बेरियम मोजा. चिखलाचं वजन वाढवायला बॅराइट घालतात, आणि ते वर्षानुवर्षं गाळात राहतं. नुसता बेरियमचा आकडा नको, अॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढा, नाही तर मातकट गाळात बेरियम उगाच जास्त दिसतो.

मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर, म्हणजे ४० वाव. त्या भागातल्या बाह्य मंचावर चुनखडी वाळू आणि जुने चुनखडक आहेत. सर्व्हेच्या नकाशांवर तो 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' म्हणून आहे. तिथे मुळातच कठीण तळाचे तुकडे असल्यामुळे 'मऊ तळावर कठीण आलं' हा बेल्जियमचा युक्तिवाद जसाच्या तसा बसत नाही. नियंत्रण ठाणं निवडताना चिखलाचं एक आणि चुनखडी वाळूचं एक घेतलंत, तर सगळा फरक मातीचाच निघेल.

---

शंखिणी

एक भर: आपल्या किनाऱ्यावर ऑक्सिजनही मोजायला हवा. गोव्यात कांदोळीसमोर साधारण २५-३० मीटर पाण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा ऑक्सिजन जवळपास संपतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची तिथली नोंद बरीच जुनी आहे. पावसाळ्यात खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं, वर गोड पाण्याचं झाकण बसतं. अशा ठिकाणी खांबावरून पडलेला सेंद्रिय माल बेल्जियमसारखा 'खाद्य' ठरेल असं धरून चालू नका. तिकडे तो जीव वाढवतो. इकडे तोच उरलासुरला ऑक्सिजन संपवू शकतो. ग्रॅब टाकताना तळापासून मीटरभरावरचं ऑक्सिजनचं माप घेतलं नाही, तर ऑक्टोबरचे रिकामे नमुने कोणाच्या खात्यावर लिहायचे?

खंबातच्या आखाताचं आणखी वेगळं. तिथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, पाणी गढूळ. गाळून खाणाऱ्यांना इतका मातकट गाळ पेलत नाही. त्यामुळे तिथे शिंपल्यांची जाड चादर बसेलच असं नाही. बार्नॅकल आणि हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे बारीक प्राणी) जास्त बसतील असं मला वाटतं.

---

जॅकेटवाला

सहमत. आणि बाहेरून येणाऱ्या जातींचा मुद्दा राहिला. उघड्या वाळूच्या समुद्रात खांबांची रांग म्हणजे कठीण तळावरच्या प्राण्यांना दगडांवरून ओढा ओलांडल्यासारखं. मेक्सिकोच्या आखातात आणि ब्राझीलमध्ये ट्युबॅस्ट्रिया हा केशरी प्रवाळ तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पसरला. अमेरिकेच्या ब्लॉक आयलंड पवनक्षेत्रात पाचच जॅकेट आहेत, तिथेही डिडेम्नम व्हेक्सिलम हा परका सी-स्क्वर्ट (पाणी गाळून खाणारा, चिकटून राहणारा मऊ प्राणी) सापडला. मुंबईच्या गोदीत मायटिलॉप्सिस सॅलेई हा परका शिंपला कित्येक दशकं आहे. बार्ज आणि जॅक-अप जहाज (पाय तळावर टेकवून उभं राहणारं) बंदरातून साइटवर नेण्याआधी त्याचे पाय आणि समुद्रपाण्याच्या पेट्या तपासणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. जॅक-अपचे पाय वर असताना वाळले, तरी कोपऱ्यांत आणि जेटिंग पाइपांत ओल राहते, तिथे बघा.

---

हर्णै_बंदर

आणि त्या शिणाण्या (खांबांवरचे शिंपले) काढून खाता येतील का? :)

---

चिखलमाती

खाण्याआधी धातूंची चाचणी करा. खांबांवर गंज टाळायला अॅल्युमिनियम-झिंक-इंडियमचे अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे) असतात, आणि गाळून खाणारा प्राणी पाण्यातलं सगळं अंगात साठवतो. बेल्जियममध्ये पवनपट्ट्यात शिंपले वाढवायचे प्रयोग झाले ते वेगळ्या दोरांवर, खांबावरचे खरवडून नाही. शिवाय सुरक्षा पट्टा ५०० मीटरचा, होडी आत नेलीत तर शिणाण्यांच्या आधी गस्ती नौका भेटेल.

---

खेकडेमास्तर

खांब काढल्यावर काय राहतं?

---

तळठाव

ते कॅलिफोर्नियात बघायला मिळतं. सांता बार्बराजवळचे हेझेल, हिल्डा, होप आणि हायडी हे चार प्लॅटफॉर्म १९९६ मध्ये काढले. खाली टरफलांच्या टेकड्या राहिल्या, ६ ते ९ मीटर उंचीच्या: वर शिंपल्यांची टरफलं, आत ड्रिलिंगचा चुरा. वरून माल पडणं थांबलं की त्यावर जगणारे तारामासे आणि खेकडे कमी होतात, टेकडी मात्र तशीच. उपसावी तर आतला चुरा पाण्यात ढवळला जातो. ठेवावी तर ट्रॉलरची जाळी अडकते.

ईशान्य अटलांटिकात ऑस्पर या सागरी कराराचा ९८/३ हा निर्णय तेल-वायूचे जुने मंच सगळे काढायला सांगतो. १९९९ च्या फेब्रुवारीआधी बसवलेल्या, १०,००० टनांहून जड पोलादी जॅकेटांच्या पायथ्याला आणि काँक्रीटच्या वजनी मंचांना सूट मागता येते. अमेरिकेने उलट वाट धरली. १९८४ च्या कायद्यानंतर मेक्सिकोच्या आखातात ५०० हून जास्त प्लॅटफॉर्म आडवे करून किंवा वरून कापून तिथेच ठेवले.

गुजरातेत पिपावावसमोरच्या पवनप्रकल्पाच्या निविदेत खांब काढण्याची अट कशी लिहितात ते बघावं लागेल. विशेषतः दगडी थराबद्दल. खांब तळाखाली कापून नेता येतो. हजारो टन दगड कोणी उचलत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी कठीण तळाचे प्राणी सगळ्यात दाट त्याच दगडांत असतील. ते ठेवायचे की काढायचे, हे ठरवायचं तर बांधकामाआधीचे वाळूचे नमुने हवेत. पहिला पाइल ठोकण्याआधी निदान दोन वर्षं, दोन्ही हंगामांत. कोणाला सध्याच्या आधारभूत सर्वेक्षणाची ठाणी माहीत असतील, तर अक्षांश-रेखांश आणि वापरलेल्या चाळणीचं माप इथे टाका.